सरकारचं मराठी पान मी लिहायचे

सरकारी संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ‘अभिप्राय’ नावाचा एक चौकोन असतो. त्यात लिहिलेलं कुणी वाचतं का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. वाचतं. मराठीतलं तीन वर्षं मी वाचत होते.

संकेतस्थळाचं नाव सांगत नाही. केंद्र सरकारचे दाखले, योजना, नियम, अर्ज कुठे करायचा आणि सोबत काय जोडायचं, हे सगळं एका ठिकाणी अनेक भाषांत देणारं ते संकेतस्थळ, एवढं पुरे. लोकांना वाटतं, असली पानं दिल्लीतल्या एखाद्या भवनात, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला साहेब लिहीत असेल. प्रत्यक्षात ती नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये, काचेच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, कंत्राटावरची पंचविशीतली मुलंमुली लिहितात. तमिळची एक खुर्ची, ओडियाची एक, आसामीची एक. मराठीची माझी. सकाळी मयूर विहारहून मेट्रोने निघायचं आणि पुढचे नऊ तास भारत सरकार व्हायचं.

मी या कामाला पगारासाठी गेले, पण टिकले ते हट्टाने. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. आमच्याकडे पाहुणा आला की आधी खुर्चीवरचा पत्रकांचा गठ्ठा उचलावा लागे. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालताना. पत्रक बाबा लिहायचे आणि कापायची आई. तिचं म्हणणं एकच होतं : “वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, उद्या कुठे जायचं आणि किती वाजता. बाकी सगळं भाषण.” या एका वाक्यावर बाबांची निम्मी क्रांती दर आठवड्याला रद्दीत जायची.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझं भांडण झालं. ‘अर्जदारांना याद्वारे सूचित करण्यात येते की’ हे मी कापलं आणि लिहिलं, ‘तुम्ही अर्ज इथे करा.’ पान लाल खुणा होऊन परत आलं. सरकार ‘तुम्ही’ म्हणत नाही, असं कळलं. मी कारण विचारलं. कुणी सूचित केलं, कुणाला केलं, आणि करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची लाज का वाटते, असं दोन पानी टिपण लिहून वर पाठवलं. आमच्या गटाचे प्रमुख त्यागीजी मेरठचे, शांत माणूस. ते म्हणाले, “मैडम, आप क्रांति लंच के बाद कर लिया कीजिए. सुबह सर्वर स्लो रहता है.”

चार महिन्यांनी ते टिपण विभागाच्या अधिकारी अरोरा मॅडम यांच्याकडून परत आलं. खाली दोनच शब्द होते, ‘ठीक है.’ मराठी पानांवर ‘तुम्ही’ आलं. माझ्या नोकरीतला हा एवढाच विजय. तो मी फार मिरवला.

अभिप्रायाच्या चौकोनात काय काय यायचं. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार रोज सकाळी सहाला ‘सुप्रभात, सरकार’ लिहायचे. दुसरी काही मागणी नाही. जालन्याच्या एका गृहस्थांच्या गच्चीवर मोर यायचा. राष्ट्रीय पक्ष्याला घरचे शेंगदाणे घातले तर चालतात का, वरून ऑर्डर काय आहे, असं त्यांनी विचारलं होतं. लोक शोधाच्या पट्टीत काय टाइप करतात तेही आम्हाला दिसायचं. ‘ओळखपत्रावरचा फोटो रडका आला आहे.’ ‘नवरा सही देत नाही.’ एकदा नुसतंच ‘सरकार कुठे आहे’. सेक्टर बासष्ट, सहावा मजला, असं उत्तर द्यायला माझे हात शिवशिवत होते.

पण उत्तर देता यायचं नाही. तीनच तयार वाक्यं होती. तुमचा अभिप्राय नोंदवला आहे. तुमचा अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. तुम्ही विचारलेल्या पानात बदल झाला आहे, कृपया पान पुन्हा पाहा. यातलं तिसरं पान खरोखर बदलल्यावर यंत्रच आपोआप पाठवायचं. चौकोनात लोक आपला फोन नंबर देत, पण नागरिकाला फोन करायला सक्त मनाई होती.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नियम बदलला की विभाग आधी इंग्रजी पान दुरुस्त करतो. मग ती दुरुस्ती आमच्याकडे यायची, आम्ही आपापल्या भाषेत लिहायचं, अधिकाऱ्याचा होकार आला की पान लोकांना दिसायचं. पण इंग्रजीतली दुरुस्ती पुष्कळदा आमच्यापर्यंत पोचायचीच नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी प्रत्येक पान इंग्रजीशी ताडून वाचायचं, याला ‘आढावा’ म्हणत, हिंदीत ‘समीक्षा’. वाचून झालं की एक बटण दाबायचं. मग पानाखालची ‘शेवटचा आढावा’ ही तारीख बदलायची. आढावा राहिलेली पानं आमच्या पडद्यावर लाल दिसत, झालेली हिरवी.

त्या हिवाळ्यात बाहेरची मंडळी तपासणीला येणार होती. धुकं, खोकला, अर्धा मजला आजारी, आणि सगळ्यांचे पडदे लालभडक. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यागीजी मजल्याच्या मध्यावर उभे राहून म्हणाले, “सब हरा कर दो. पढ़ लेना बाद में.”

मी भांडले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी मला इचलकरंजीला जायचं होतं, आणि पानं लाल असतील तर सुट्टी अडणार होती. एक खूण केली की सगळी पानं एकदम निवडली जायची. ती केली, बटण दाबलं. मराठीतली शेकडो पानं दहा सेकंदांत माझ्या नावाने वाचून झाली. तपासणीत आम्ही पहिले आलो. मी गावी होते म्हणून माझ्या वाटचा केक फ्रिजमध्ये ठेवला होता.

‘बाद में’ कधी आलं नाही.

मग पावसाळ्यात, प्रवेशांच्या दिवसांत, एका बुधवारी दुपारी चौकोनात हे आलं :

‘नमस्कार. पान वाचले. माहिती छान सोपी आहे. माझे मिस्टर सैन्यात हवालदार आहेत, सध्या पोस्टिंग लांब आहे, फोन लागत नाही. आम्ही दिल्ली छावणीत राहतो. मुलीचे, आरतीचे, नर्सिंगला सैनिकांच्या मुलांच्या जागेसाठी नाव लागले आहे. सोमवारी सकाळी दहाला इथेच कागद तपासणार. पानावर लिहिल्याप्रमाणे दाखला मूळ जिल्ह्यातून आणायला उद्या तीनच्या गाडीने सांगलीला निघतो. एकच विचारायचे होते, शनिवारी सकाळी तिथले ऑफिस चालू असते ना? सौ. सुनंदा शिंदे.’

मी आधी सुट्ट्या पाहिल्या. महाराष्ट्रात आता शनिवारी सरकारी कार्यालयं बंद असतात. शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी कुलूप पाहायचं आणि सोमवारी दहाला दिल्लीत रिकाम्या हाताने उभं राहायचं. मग मी आमचं पान उघडलं आणि शेजारी इंग्रजी पान लावलं. इंग्रजीत नियम बदलून वर्ष होत आलं होतं. मूळ जिल्ह्यात जायची गरजच उरली नव्हती. कुटुंब ज्या छावणीत राहतं तिथल्या अधिकाऱ्याची सही पुरत होती. सुनंदाताईंना ती शुक्रवारी घरापासून दहा मिनिटांवर मिळाली असती. मराठी पानावर जुन्या नियमाच्या तीन ओळी तशाच होत्या, आणि त्यांच्याखाली मी घातलेली ताजी तारीख होती.

मनाई मोडून मी फोन लावला.

“कोण बोलतंय?”

“ताई, मी संकेतस्थळावरून बोलतेय. तुम्ही विचारलं होतंत ना, शनिवारी ऑफिस चालू असतं का?”

“हां हां. असतं ना?”

“नाही, शनिवारी बंद असतं. पण तुम्हाला जायचीच गरज नाही. सही इथे छावणीतच मिळते, नियम बदललाय. तुम्ही इंग्रजी पान बघा.”

“बघितलंय की. आरतीने दाखवलं. ते बाकीच्यांचं. मराठीत आपला दिलाय, महाराष्ट्राचा. म्हणून तर वेगळा लिहिलाय.”

तीन वर्षं मराठी पान लिहीत होते, पण ते वाचणारी बाई असा विचार करेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि विचारात चूक काय होती? तेच सांगायचं असेल तर सरकार मराठीत वेगळं कशाला लिहील?

“ताई, तसं नसतं. नियम सगळ्यांना एकच. आमचं मराठी पान जुनं राहिलंय.”

“जुनं कसं असेल? खाली तारीख आहे. ह्याच वर्षाची आहे.”

मागून मुलीचा आवाज आला, “मम्मी, कौन है? काट दो ना, स्कैम है.”

“थांब गं. बाई, तुमचं ऑफिस कुठे आहे?”

“नोएडात.”

“सरकार नोएडात कधी गेलं?”

“ताई, मी कंत्राटावर...”

“हे बघा, तुमच्याच साईटवर लिहिलंय. ‘कोणतंही सरकारी कार्यालय तुम्हाला फोन करून कागदपत्रांविषयी विचारत नाही. असा फोन आला तर एक शब्दही न बोलता ताबडतोब बंद करा.’ मी आमच्या लेडीज ग्रुपवर टाकलंय ते. मी तर किती शब्द बोलले तुमच्याशी.”

फोन बंद झाला. ते वाक्य माझंच होतं. इंग्रजीत नुसतं ‘सावध राहा’ होतं, ‘एक शब्दही न बोलता’ ही भर माझी. पुन्हा लावला तर लागेना, माझा नंबर त्यांनी अडवला होता. ओडियाच्या खुर्चीवरच्या मोहंतीचा फोन मागून घेतला. मी “ताई” म्हणताच तिकडून “आता दुसऱ्या नंबरवरून होय?” एवढं ऐकू आलं आणि तोही बंद झाला.

म्हणजे त्यांचा विश्वास पानावर होता आणि पान चुकीचं होतं. मी बरोबर होते आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, असं मीच त्यांना शिकवलं होतं. आता त्यांना थांबवायचं तर पानच बदलायला हवं होतं, उद्या दुपारच्या आत.

त्यागीजींना सांगितलं. त्यांनी दोन्ही पानं पाहिली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. “मेल डाल दो. सोमवार तक अप्रूवल आ जाएगा.”

“सोमवारपर्यंत त्यांची जागा गेलेली असेल, सर.”

“तो कल खुद चली जाओ अरोरा मैडम के पास.” मग त्यांनी बदलाच्या अर्जावर बोट ठेवलं. त्यात ‘कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं होतं : न वाचता आढाव्याची तारीख बदलली. ते आवाज खाली आणून म्हणाले, “यह लिखोगी तो कमिटी बैठेगी. पन्ना महीने भर वैसा ही रहेगा. टाइपिंग एरर लिख दो, दस मिनट का काम है.”

ते स्वतःला वाचवत होते, आणि ते म्हणत होते तेही खरं होतं. कमिटी बसलीच असती. मी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध पत्रकं वाचत आले त्यांच्यासारखी शांतपणे बसले आणि खरं कारण पुसून ‘टंकलेखनातील चूक’ लिहिलं. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. आता ते इथेच वाचतील.

गुरुवारी सकाळी बाराखंबा मेट्रो स्टेशनला उतरून कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या त्या सरकारी इमारतीच्या फाटकावर साडेनऊला उभी राहिले. आत जायला पास लागतो. पाससाठी वरून कुणीतरी फोनवर ‘पाठवा’ म्हणावं लागतं, आणि वरचा फोन कुणी उचलत नव्हतं. पाऊणएक तास मी तो वाजताना ऐकला. शेवटी अरोरा मॅडमच डब्याची पिशवी हातात घेऊन फाटकातून आत येताना दिसल्या. एका प्रशिक्षणात त्यांनी मला पाहिलं होतं.

“आप वो ‘तुम्ही’ वाली हैं ना?” त्या म्हणाल्या. “आज क्या बदलवाना है?”

खोलीत त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. जुन्या तीन ओळी वाचल्या, नव्या वाचल्या. मग ‘कारण’ वाचलं.

“टाइपिंग एरर. तीन लाइन की?”

मी हातातल्या पासची घडी घालू लागले.

“उँगली फिसली और पूरा नियम टाइप हो गया?”

मग मी सांगून टाकलं. तपासणी, लाल पानं, एका बटणात हिरवी झालेली पानं, सुनंदाताईंचा प्रश्न, मनाई मोडून केलेला फोन, सगळं. बोलताना माझं हिंदी पार कोसळलं, अर्धं मराठीतच गेलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

“सिर्फ यही पन्ना?”

“नहीं, मॅडम. सगळी.”

“और बाकी भाषाएँ?”

“तीही,” मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. कमिटी, चौकशी, माझं कंत्राट, त्यागीजींची नोकरी, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे रांगेत उभं होतं.

“गाड़ी कितने बजे की है?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

“तो पहले यह. रोना बाद में.”

अर्जावरचं माझं खोटं कारण त्यांनी पेनाने खोडलं, खरं लिहिलं, खाली सही केली. मग एका बोटाने टाइप करून होकाराचं मेल पाठवलं आणि डबा कपाटावर ठेवायला उठल्या. मी खाली येऊन त्यागीजींना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “कारण क्या लिखा?” मी सांगितलं. मग म्हणाले, “ठीक है. भेज रहा हूँ.” बाराला पाच मिनिटं असताना पान बदललं.

याचं पुढे काय झालं ते आधी सांगते. कमिटी बसली. त्यागीजींना लेखी समज मिळाली, मला आणि माझ्यासारख्या सगळ्यांनाही. त्या शुक्रवारपासून ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी घरच्या झाडाचे आंबे घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाले, “खा लो, इनकी समीक्षा मैंने खुद की है.” दोन महिने आमचा मजला खालमानेने एकेक पान वाचत होता. जुने नियम, बंद झालेले फोन, हललेली कार्यालयं, पुष्कळ सापडलं. त्यातल्या कुठल्या पानाने कुणाला कुठे फुकट पाठवलं असेल, हे कळायला काही मार्ग नाही. सुनंदाताईंनी निघण्याआधी एक प्रश्न विचारला म्हणून आम्हाला निदान त्या कळल्या. न विचारता निघून गेलेल्यांचं काय, हे माझ्या मनातून जात नाही. दिवाळीच्या अंकात हे लिहायला नको होतं कदाचित, पण मी ते पानाखाली तारीख घालून झाकणार नाही.

तर त्या गुरुवारी. मी परत सेक्टर बासष्टला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. यंत्राने आपलं तिसरं वाक्य पाठवल्याची नोंद दिसत होती. तुम्ही विचारलेल्या पानात बदल झाला आहे. पण त्यांनी तो संदेश वाचला का? सामान बांधण्याच्या गडबडीत कोण बघतं? छावणीतून स्टेशनवर जायला दोनला तरी निघायला हवं. मला फोन करता येत नव्हता. मोहंती म्हणाला, “मेरे फोन से फिर करें?” मी नको म्हटलं. आता फोन गेला तर त्या मुलीला ओढत गाडीत बसवतील.

दीड वाजला. पावणेदोन. सुभेदारांचं सकाळचं ‘सुप्रभात’ तसंच नोंदवायचं राहिलं होतं, ते मी नोंदवलं.

दोनला दहा कमी असताना चौकोन भरला.

‘नमस्कार. मेसेज आला म्हणून पान परत पाहिले. आता नियम नीट लिहिला आहे. छावणीच्या ऑफिसात जाऊन विचारले, उद्या अकराला सही मिळेल म्हणाले. तिकिटे रद्द केली. आरती म्हणते मराठी पान पण बरोबर असते. आपले आभार.

एक तक्रार आहे. काल एका बाईने सरकारी माणूस असल्याचे सांगून फोन केला. बोलणे गोड होते, मराठी चांगले होते. दोन वेगवेगळ्या नंबरवरून केला, दोन्ही खाली देत आहे. कृपया कारवाई करावी. पान बदलायच्या आधी हिला नियम कसा माहीत होता, याचीही चौकशी व्हावी. सौ. सुनंदा शिंदे.’

मी ते उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं. मोहंतीला अर्थ सांगितला तेव्हा तो आपला नंबर पाहून पांढरा पडला आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. त्यागीजी उठून आले. मी त्यांना शेवटचं वाक्य हिंदीत करून सांगितलं. ते माझ्यावर रागावलेले होते, तरी म्हणाले, “सवाल तो औरत ने सही पूछा है.”

फसवणुकीची तक्रार चोवीस तासांत पुढे पाठवायची असते. पहिला नंबर माझा आहे, दुसरा सहकाऱ्याचा आहे, असं खाली लिहून मी ती पाठवून दिली. मग सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला. जेवता जेवता रेल्वेचं पान उघडून बघितलं. तीनची गाडी वेळेवर सुटली होती. त्या दोघी तिच्यात नव्हत्या.